कल्लप्पा मिस्त्रीचा कान

मंगळवेढ्यातून सोलापूरकडे निघालं, की गाव संपता संपता डाव्या हाताला एक लिंबाचं झाड लागतं आणि त्याच्याखाली पत्र्याची एक शेड. शेडवर पाटी नाही. पूर्वी होती. एकदा वाऱ्यानं पडली, तेव्हा कल्लप्पानं ती उचलून उलटी केली आणि तिच्यावर धुतलेले नटबोल्ट वाळत घालायला सुरुवात केली. पाटीचं तसं काम नव्हतंच. आसपासच्या कुठल्याही वस्तीवर जाऊन "ट्रॅक्टर कुणाला दाखवू?" असं विचारलं, तर समोरचा आधी स्वतःच्या कानाला हात लावायचा आणि मग म्हणायचा, "कल्लप्पाला."

कान हीच त्याची पाटी होती. तो शेडमध्ये पाठमोरा बसलेला असायचा, हातात कसलातरी सुटा भाग, आणि रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की मान वर न करता सांगायचा, "मधल्या सिलिंडरचा नोझल टिपकतोय. थांबवा त्याला." थांबवला की नोझल टिपकतच असायचा. त्यावर पैजा लागत. हरणारे हसत हसत चहा पाजत आणि जिंकणाराही कल्लप्पाच्या वाटणीचा कप मागवायचा.

हा कान त्याला मिळाला तो नाटक कंपनीत. विशीच्या आतबाहेर असताना तो एका फिरत्या कंपनीबरोबर जनरेटर सांभाळायला गेला होता. तंबू, कनाती, लाकडी फळ्यांचं स्टेज, समोर जमिनीवर दाटीवाटीनं बसलेला गाव, आणि मागे, कनातीच्या पलीकडे, अंधारात धडधडणारं इंजिन आणि त्याच्याजवळ उकिडवा बसलेला कल्लप्पा. स्टेजवर राजा मेला तरी चालेल, दिवा मरता कामा नये, अशी मॅनेजरची ताकीद होती. म्हणून कल्लप्पानं एक लांब स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि ऐकत राहायचं. पलीकडून नायिकेचं रडणं यायचं, टाळी यायची, वन्समोअर यायचा. त्याच्या कानात मात्र इंजिन आपलं एकेक गुपित सांगत बसायचं. दिवा मिणमिणायच्या आधी त्याला कळायचं, आणि त्याचा हात आपोआप ॲक्सिलेटरवर जायचा. त्या कंपनीतल्या एकाही नटाला कधी अंधारात संवाद म्हणावा लागला नाही. पडद्यावर, जाहिरातीत, सत्कारात कल्लप्पाचं नाव कधी आलं नाही. पण उजेड होता तो त्याचा होता.

पुढे कंपनी बसली. सामान वाटून नेलं ज्यानं त्यानं. कल्लप्पाच्या वाट्याला तो स्क्रूड्रायव्हर आला. तो घेऊन तो गावी आला, पार्वतम्माशी लग्न केलं आणि शेड टाकली.

आणखीही एक गोष्ट त्या इंजिनानं त्याच्याबरोबर पाठवली होती, ती फार उशिरा उघडी पडली. ज्यानं कान शिकवला त्यानंच तो हळूहळू खाल्लाही होता. आधी बारीक आवाज गेले. लिंबावरच्या पाखरांचा गलका एका वर्षी ऐकू आला नाही, तेव्हा त्याला वाटलं पाखरंच कमी झाली. मग मोबाईलची घंटी गेली. मग कुकरची शिटी. बायकामुलांचं बोलणं पुसट झालं, म्हणून तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला लागला. लोकांना वाटलं, वयानं मिस्त्री मायाळू झाला, डोळ्यांत डोळे घालून बोलतो.

स्क्रूड्रायव्हर मात्र अजून इमानी होता. मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की इंजिनाची धडधड थेट कवटीत उतरायची, पूर्वीसारखी. त्यामुळे धंदा चालू होता आणि गावाला काही कळलं नव्हतं. कळलं होतं ते एकट्या पार्वतम्माला.

"री, सोलापूरला जाऊ या," ती म्हणायची. ती अक्कलकोटकडची, मराठी बोलतानाही तिचं कन्नड मधूनमधून डोकं वर काढायचं, 'अहो'च्या जागी 'री' यायचं. "कानाचं मशीन मिळतंय तितं. शंकरप्पाच्या आईनं आणलंय."

"शंकरप्पाची आई इंजिन खोलती का?"

"तिचं कशाला? तुमी चष्मा लावताच की. चष्म्याची लाज न्हाई, मशीनची लाज?"

"चष्म्यानं मी नट बघतो. इंजिन मी ऐकतो. ऐकायला मशीन लावलेला मिस्त्री कुणाला पायजे?"

"साकु," ती म्हणायची. पुरे झालं. आणि पुढचं काहीतरी पुटपुटत आत निघून जायची. ते पुटपुटणं त्याला ऐकू यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

भांडण एवढ्यावरच थांबायचं, पण दुखणं खरं होतं. कान गेला हे तालुक्याला कळलं, तर शेडकडे कोण वळणार? आणि कोणी वळलंच नाही, तर सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून कल्लप्पानं कोण म्हणून घराबाहेर पडायचं?

अशात, ज्वारीची काढणी उरकून शिवारात कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या असताना, वैजयंतीचा ट्रॅक्टर शेडपुढे आला.

वैजयंती दक्षिणेकडच्या वस्तीवरची. नवरा अभिमन्यू सोलापुरात एका गोदामावर कामाला. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. शेती, जनावरं, सासू आणि ट्रॅक्टर हे सगळं वैजयंतीच्या अंगावर. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून, पदर खोचून स्वतः ट्रॅक्टर हाकायची. ट्रॅक्टर सासऱ्यानं घेतलेला, तांबडा. आता त्याचा तांबडा रंग उडून विटकरी झाला होता. तिनं तो शेडसमोरच्या उतारावर तोंड करून लावला आणि इंजिन चालू ठेवूनच उतरली.

"अण्णा, रेसवर चांगला पळतोय. स्लोवर सोडला की जीव सोडतोय."

कल्लप्पानं तिच्या तोंडाकडे बघितलं. "लगेच?"

"लगेच न्हाय. जरा वेळ थुकथुक करतंय, मग गप."

"सेल्फ मारून चालू होतोय का मग?"

"सेल्फ कवाच मेलाय. आमी उतारावर लावतो, गिअर टाकून सोडतो. आजवर भागलं. आता मळणी हाय की, अण्णा! मळणी मशीन जोडल्यावर खळ्यात उतार कुठनं आणू? मशीनचं तोंड तुंबलं की रेस कमी करायला लागती, रेस कमी केली की ह्यो मेला. मग मशीन सोडा, ढकला, परत जोडा. मजूर काय माझी वाट बघत बसत्यात व्हय?"

कल्लप्पानं मान हलवली. त्याची एक जुनी सवय होती. इंजिनाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण काढायचं आणि आत काडी बुडवून डिझेल बघायचं. कंपनीत असताना एकदा ऐन रंगात आलेल्या अंकात टाकी कोरडी पडता पडता वाचली होती, तेव्हापासूनची ती सवय. या जातीच्या जुन्या ट्रॅक्टरला टाकी इंजिनाच्या वर असते आणि तिचं झाकण बॉनेटमधून बाहेर डोकावतं. वैजयंतीच्या ट्रॅक्टरचं झाकण हळदीकुंकवानं इतकं माखलेलं होतं, की देवळाबाहेरच्या दगडासारखं दिसत होतं. कल्लप्पानं आधी हात पुसले. मग झाकण अलगद फिरवून काढलं, पूजेची वस्तू म्हणून खाली न ठेवता बॉनेटवरच ठेवलं. वैजयंती काहीतरी बोलली. ती बाजूला उभी होती, तिचं तोंड दिसलं नाही. डिझेलबद्दलच विचारत असणार, असं धरून तो म्हणाला, "व्हय, व्हय."

डिझेल भरपूर होतं. झाकण लावलं. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून तिन्ही सिलिंडर ऐकले. तिघंही ठीक होते. राहता राहिला स्लोचा स्क्रू. तो त्यानं जरासा आवळून चढवला. इंजिन स्लोवर एका लयीत चालू राहिलं. शेजारच्या ज्ञानबाच्या टपरीवरून चहा आला, पिऊन झाला, तरी इंजिन चालूच.

"झालं," कल्लप्पा म्हणाला. "वयानं सुस्तावलं होतं. जरा टोचलं."

वैजयंती खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी पार्वतम्माच्या मोबाईलवर तिनं आवाजच पाठवला. "ऐका, मरताना असा करतोय." कल्लप्पानं मोबाईल कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला, लांब धरला. कुणीतरी पत्र्यावर वाळू ओततंय, एवढंच त्याला कळलं.

"काय म्हणतोय?" पार्वतम्मानं मुद्दाम विचारलं.

"म्हणतोय, घेऊन या."

ती घेऊन आली. या वेळी त्यानं टाकी बघून झाल्यावर डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, जुने झिजलेले वायसर फेकून नवे टाकले. इंजिन पुन्हा स्लोवर शहाण्या लेकरासारखं बसलं. ती गेली. घरी पोचून जनावरांना पाणी दाखवायला म्हणून उतरली, तोवर ट्रॅक्टर अंगणात गप्प झाला होता.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ज्ञानबाच्या टपरीवरची माणसं बाकावरून उठून बघायला आली. ज्ञानबाच्या जिभेला आधीपासूनच धार. तो किटली हातात घेऊन म्हणाला, "मिस्त्री, ह्यो ट्रॅक्टर आमच्या म्हाताऱ्यावानी हाय बगा. डॉक्टरच्या दारात ठणठणीत, घरी गेला की कण्हतोय."

लोक हसले. कल्लप्पाही हसला.

ज्ञानबानं वळता वळता आणखी काहीतरी टाकलं. लोक जास्त मोठ्यानं हसले. कल्लप्पाला ते ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत हे दिसलं, म्हणून तोही पुन्हा हसला. तेव्हा वैजयंतीच हसायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. ज्ञानबा म्हणाला होता, "का आता मिस्त्रीच्याच कानात हवा धरली?"

त्या दिवशीही कल्लप्पानं झाकण काढलं, डिझेल बघितलं, झाकण लावलं, आणि त्या दिवशीही ट्रॅक्टर त्याच्यासमोर मेला नाही. मरणारा पेशंट वैद्यापुढे मरतच नसेल, तर वैद्यानं करायचं काय? वैजयंतीनं शेवटी टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि सरळ समोर येऊन, त्याला दिसेल असं, म्हणाली, "अण्णा, राग मानू नका. ह्यांनी मोहोळच्या मिस्त्रीला फोन केलाय. परवा यायलाय तो. म्या म्हनलं, आधी अण्णांना वस्तीवर नेते. हितं आणला की शाणा होतोय ह्यो. तितं बगा तुमी त्याचं सोंग."

मोहोळचा मिस्त्री. म्हणजे परवानंतर "ट्रॅक्टर कुणाला दाखवू?" या प्रश्नाला निदान एका वस्तीवर तरी वेगळं उत्तर येणार होतं, आणि मळणीच्या दिवसांत एका वस्तीवरची गोष्ट दुसरीवर जायला वेळ लागत नाही.

"उद्या येतो," कल्लप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निघताना पार्वतम्मानं त्याच्या पिशवीत भाकरी घातली आणि दारात त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "बारीक आवाज असला तर कुणाला तरी विचारा. विचारल्यानं मिस्त्रीपण जात न्हाई." त्यानं चप्पल घातली. ऐकू आलं की नाही, ते त्यानं तिला कळू दिलं नाही.

अमावास्या होती. वस्तीवर काम बंद. खळ्यात ज्वारीच्या कणसांचा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला, पलीकडे बांधाच्या चढावर ट्रॅक्टर तोंड खाली करून उभा, आणि त्याच्यापुढे हातात ताट घेऊन सारजाबाई. सारजाबाई म्हणजे वैजयंतीची सासू. बुटकी, काटक, आवाज खणखणीत. कल्लप्पाला सबंध वस्तीत तिचंच बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"या मिस्त्री! जरा थांबा, त्याची पूजा होऊ दे."

तिनं पुढच्या दिव्यांना हळद लावली. चाकावर पाणी सोडलं. मग चाकाच्या मडगार्डवर पाय देऊन, वैजयंतीचा खांदा धरून ती वर चढली, टाकीच्या झाकणावर तेलाचं बोट फिरवलं आणि त्यावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू दाबून बसवलं. जुन्या थरावर नवा थर.

"दर अमावास्येला?" कल्लप्पानं विचारलं.

"चुकवत न्हाय. बैलं होती तवा त्यांच्या कपाळाला लावत होते. शिंगाला त्याल, कपाळाला कुंकू. शेवटची जोडी गेली, दावण मोकळी झाली. मग हात कसा राहील? ह्यालाच लावते. ह्याला कपाळ कुठं असतंय? म्या म्हनलं, सगळ्यात वर हाय ते कपाळ."

"आत्या त्याच्याशी बोलत्यात पन," वैजयंती म्हणाली. "माझ्याशी बोलत न्हाईत तेवढं."

"तो उलटून बोलत न्हाय," सारजाबाई म्हणाली.

कल्लप्पानं या वेळी सवय मोडली. झाकणाला हात लावला नाही. पूजा ताजी होती, तेल ओलं होतं. आत्ताच बोट लावायचं त्याला बरं वाटेना. ट्रॅक्टर घरचाच, डिझेल काल बघितलेलं. तो म्हणाला, "सोड खाली."

वैजयंतीनं गिअर टाकून ट्रॅक्टर उतारावरून सोडला, तो धक्का खाऊन चालू झाला. तिनं तो शेताला एक वळसा घालून परत चढावर आणून उभा केला आणि स्लोवर सोडला. कल्लप्पानं स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले. कनातीमागे मिटायचा तसेच.

काही वेळ तीन गडी एका तालात चालले. मग ताल ढिला पडला. एखादा सिलिंडर आजारी असता, तर इंजिन लंगडलं असतं. एकाचा पाय घसरला असता आणि दोघांनी ओढलं असतं. हे तसं नव्हतं. तिघंही एकदमच थकत चालले होते, उपाशी माणसं थकतात तसे. एक आचका, दुसरा आचका, आणि सगळं शांत.

पहिल्यांदाच तो त्याच्यासमोर मेला होता. कल्लप्पाला आनंदच झाला. रोग सापडला नव्हता, पण रोग्यानं निदान सोंग टाकलं होतं. तिघंही उपाशी, म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टर नवा. पाइप साफ. मग आता टाकीच. त्याचा हात वर गेला आणि त्यानं झाकण फिरवलं.

"बगा," वैजयंती म्हणाली, "फुसकला."

ती या वेळी त्याच्या समोर, इंजिनाच्या पलीकडे उभी होती. तिचं तोंड त्याला दिसलं.

"काय म्हणालीस?"

"फुसकला म्हनलं. टाकी. तुमी झाकण उघडता तवा दर टायमाला फुस्स करतंय की. पयल्या दिवशी पन म्या म्हनले, ह्यो फुसकतोय का? तुमी म्हणालात, व्हय, व्हय. म्हनलं असंच असतंय."

कल्लप्पा झाकण हातात घेऊन उभा राहिला.

एका क्षणात त्याला सगळं कळलं, आणि दोन गोष्टी कळल्या. एक ट्रॅक्टरची होती. टाकीतलं डिझेल खाली जातं, तशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. ते भोक बुजलं, की टाकी आतून आवळते आणि डिझेल धरून ठेवते. रेसवर पंप जोरानं ओढून घेतो. रेस उतरली की त्याच्या अंगात तेवढा जीव राहत नाही. झाकण उघडलं, की अडलेली हवा फुस्सकन आत शिरते आणि ट्रॅक्टर थोडा वेळ बरा होतो. म्हणजे शेडवर तीनदा ट्रॅक्टर बरा झाला होता तो स्क्रूनं नव्हे, फिल्टरनं नव्हे, वायसरनंही नव्हे. डिझेल बघायला म्हणून झाकण काढलं, तेवढ्यानंच.

आणि दुसरी गोष्ट त्याची स्वतःची होती. ती फुस्स इतकी मोठी असते, की कुठल्याही मिस्त्रीला तोंड दुसरीकडे असतानाही ऐकू यावी. तीनदा ती त्याच्या हाताखाली झाली होती.

पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, हा कंपनीतला धडा. त्यानं टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडकं अंथरलं, झाकण न लावताच ट्रॅक्टर पुन्हा उतारावरून सोडायला लावला आणि चढावर आणून स्लोवर ठेवला. सारजाबाईनं पिठलं वाढलं, पार्वतम्माची भाकरी सोडली, लसणाची चटणी आली. तिघांनी बांधावर बसून जेवण केलं. सावलीसुद्धा थोडी सरकली. ट्रॅक्टर चालूच. मग कल्लप्पा उठला, हात धुतले, झाकण लावलं आणि परत येऊन बसला. सारजाबाई भांडी घासून आणत होती, तेवढ्यात आचका आला, दुसरा आला, आणि इंजिन बंद.

"मावशी," कल्लप्पा झाकण घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, "ह्याच्यावरचं कुंकू खरडावं लागंल."

"का बाबा? काय चुकलं?"

"ह्याच्यात बारीक भोक असतंय. ट्रॅक्टर त्यातनं श्वास घेतोय. तेल-कुंकवानं ते बुजलंय."

सारजाबाईनं झाकणाकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे, आणि तोंडावर हात ठेवला. "आगं बया! म्या कपाळ समजून नाकातच बोळा कोंबत होते व्हय?"

वैजयंती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "आत्या, म्हंजे मी हितं ढकलून मरते, आन् तुमी दर अमावास्येला त्याचा गळा दाबताय! आन् वर त्याच्याशी गोड बोलताय!"

सारजाबाई हसली नाही. ताट तिनं खाली ठेवलं. खणखणीत आवाज एकदम बारीक झाला, इतका की कल्लप्पाला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. "बैलाला कवा माझ्या हातानं इजा झाली न्हाय," ती म्हणत होती. "आता हातच असा झाला का काय."

कल्लप्पाच्या जिभेवर तोवर एक वाक्य तयार होऊन बसलं होतं. 'तेच तर शोधत होतो मी,' असं म्हणायचं, झाकण साफ करायचं, आणि संध्याकाळी ज्ञानबाच्या टपरीवर कुंकवाची गोष्ट रंगवून सांगायची. सबंध तालुका सारजाबाईला हसला असता. टाळीचं वाक्य होतं, आणि म्हणायला सोपं होतं.

त्यानं सारजाबाईकडे बघितलं आणि ते गिळलं.

"मावशी, तुमच्या हाताचं काय चुकलं न्हाई. भोक बुजणं मोठी गोष्ट न्हाई, धुळीनं पन बुजतंय. ते त्यानं पहिल्याच दिवशी फुस्स करून सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. मला ऐकू आलं न्हाई."

वैजयंतीचं हसू थांबलं. "लक्ष नव्हतं तुमचं, अण्णा."

"लक्ष होतं. कान न्हाई. बारीक आवाज मला येत न्हाईत. लई दिवस झाले." आणि मग, आता सुरुवात झालीच आहे तर, म्हणून तो म्हणाला, "काल ज्ञानबा काय बोलला, ते पन मला आलं न्हाई. सगळे हसले म्हणून हसलो."

वैजयंतीनं मान खाली घातली. ज्ञानबा काय बोलला ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

बोलली ती सारजाबाई. तिचा आवाज परत आपल्या जागेवर आला होता. "आरं मग त्यात काय? मला मेलीला कोंबडा ऐकू येत न्हाय. मी काय पहाटेची उठत न्हाय व्हय?"

कल्लप्पानं तारेनं भोक मोकळं केलं, फुंकून बघितलं, झाकण डिझेलनं धुतलं. निघालेलं कुंकू सारजाबाईनं कागदात गोळा करून तुळशीत टाकलं. पुढच्या अमावास्येसाठी जागा ठरवायची होती. कल्लप्पानं बॉनेटचा पुढचा भाग सुचवला. तिला ते तोंड वाटत होतं. शेवटी दोन दिव्यांच्या मधोमध जरा वर, अशी जागा तिनं बोटानं टेकवून पक्की केली.

तोवर ट्रॅक्टर स्लोवर थुकथुकत उभा होता. वैजयंतीनं सोलापूरला फोन लावला. "अहो, त्या मोहोळच्या मिस्त्रीला नको म्हणून सांगा. सापडलं... कुणाला म्हंजे? कल्लप्पाअण्णांना." तिनं कल्लप्पाकडे बघितलं.

"आणि तुला," कल्लप्पा म्हणाला.

"आन् मला," ती फोनवर म्हणाली.

ज्ञानबाला गोष्ट कळली ती कल्लप्पाच्याच तोंडून. त्यानं टपरीवर जाऊन सांगितलं, सगळ्यांच्या देखत, कुंकवाचा उल्लेख न करता. "झाकणाचं भोक बुजलं होतं. फुस्स व्हायचं, मला ऐकू येत नव्हतं. कानात हवा धरली म्हण." ज्ञानबाला ते आपलंच वाक्य आहे हे कळलं, आणि वैजयंतीनं चहाडी केली असंही वाटलं, पण पाइपात हवा धरते त्यावरून कल्लप्पा ते नुसता अंदाजानं बोलला होता. ज्ञानबानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि पुढचा आठवडाभर तो कल्लप्पाशी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत राहिला.

मग दोघं नवराबायको एस्टीनं सोलापूरला गेली. तिथल्या बाईनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठाली बोंडं चढवली आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. कल्लप्पाला कंपनीची आठवण झाली. असाच कनातीमागे एकटा बसून तो आवाजातल्या खुणेची वाट बघायचा. बऱ्याच वेळा बोट वर गेलं नाही. काचेपलीकडे पार्वतम्माचा चेहरा दिसत होता, आणि तिचं बोट मात्र तिच्याही नकळत वर जात होतं.

मशीन लावून परत येताना एस्टीच्या खडखडणाऱ्या काचांनी त्याला जेरीला आणलं. घरी कुकरची शिटी झाली तेव्हा तो दचकून उभा राहिला. आणि रात्रीच्या भाकऱ्या थापताना पार्वतम्मा नेहमीप्रमाणे चुलीकडे तोंड करून पुटपुटली, की एवढा खर्च केला, आता तरी माणूस एका हाकेत उठतंय का बघू. "उठतंय," तो मागून म्हणाला. तिच्या हातातली भाकरी दुमडली. एवढ्या वर्षांत ती चुलीशी काय काय बोलली होती, ते तिला आठवलं असावं. "काढून ठेवा ते," ती म्हणाली. "घरात नको."

शेडवरची गिऱ्हाइकं काही कमी झाली नाहीत. एकदोघं मशीनकडे टक लावून बघून गेले आणि आठवड्यानं ट्रॅक्टर घेऊन परत आले. वस्त्यांवर विचारलं तर माणूस अजूनही कानाला हात लावतो. फक्त आता बोट जरा मागं, मशीनच्या जागी टेकवतो.

मळणी उरकल्यावर वैजयंती मालदांडी ज्वारीचं एक पोतं घेऊन आली. ट्रॅक्टर तिनं उतारावर नाही, शेडपुढच्या सपाटीवरच लावला आणि स्लोवर चालू ठेवून उतरली. दोन दिव्यांच्या मधोमध, जरा वर, कुंकवाचा टिळा होता. कल्लप्पा जागेवरून उठला नाही. पाठ तिच्याकडेच होती.

"वैजयंती, पहिल्या दिवशी मी स्लो चढवला होता. उगाचच. उतरवून देतो, डिझेल खातोय."

"न बघता कसं कळलं, अण्णा?"

"ऐकू आलं की."

त्यानं स्क्रू थोडा थोडा सैल केला. इंजिन खाली उतरलं, आणखी खाली उतरलं, इतकं की वैजयंतीनं श्वास धरला. तिथं कल्लप्पानं हात थांबवला. मग कानामागचं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, जुना स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवून मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले. वैजयंती पोतं तसंच ठेवून बाकावर बसली. ट्रॅक्टर बंद करायची आठवण दोघांनाही बराच वेळ झाली नाही.